पिंप, बूच आणि मधली वाइन
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)

केस पांढरे झाले, कुणाची नातवंडं मागे मैदानात पळतायत, तरी या सभागृहात आपण मुलंच आहोत. मघाशी घंटा झाली तेव्हा निम्मेजण आपोआप उठून उभे राहिले, ते मी पाहिलंय.

संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, ''तू बोल. विषय तुझा तू ठरव, फक्त वीस मिनिटांच्या वर जाऊ नकोस.'' मी म्हटलं, ''पोर्ट वाइनवर बोलते.'' पलीकडे जरा शांतता झाली. मग हळूच प्रश्न आला, ''अगं, शाळेत?''

त्यांची शंका रास्त होती. पण हा विषय मला याच शाळेने दिला आहे. त्याचा कागदोपत्री पुरावा मी आज बरोबर आणला आहे. ही वही. इयत्ता नववी, विषय इतिहास. सर, आठवतंय का? तुम्ही सगळ्या वर्गाला निबंध लिहायला सांगितला होता : 'आपल्या गावातील पोर्तुगीज काळाच्या खुणा'. मुलांनी किल्ला लिहिला, देवळं लिहिली, चर्च लिहिलं. मीही लिहिलं. आणि शेवटी ऐटीत एक वाक्य टाकलं : 'पोर्तुगीजांनी आम्हाला पोर्ट वाइन करायला शिकवले. माझी आजी अजून करते.' त्या वाक्याखाली लाल शाईची रेघ आहे आणि समासात एकच शब्द : 'पुरावा?' दहापैकी सहा गुण. वर्गात वही वाटताना सरांनी ते वाक्य वाचून दाखवलं आणि मागच्या बाकावरचे सगळे हसले. त्यांतले दोघे आज इथे आहेत. ते अजून हसतायत.

त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला चाळीसेक वर्षं लागली. सर, आज उत्तरपत्रिका आणली आहे.

आधी आजीची वाइन सांगते. आपल्या ख्रिस्ती घरांमधल्या अनेकांनी ती पाहिली असेल. नाताळच्या आधी महिनाभर बाजारातून काळी द्राक्षं यायची. आजी ती धुऊन, पुसून, हाताने चुरायची. मिक्सर नव्हता, आणि असता तरी तिने वापरला नसता. चिनीमातीच्या मोठ्या बरणीत चुरलेली द्राक्षं, साखर, उकळून गार केलेलं पाणी, मूठभर गहू आणि बेकरीतून आणलेलं यीस्ट. तोंडाला मलमलचं फडकं. रोज सकाळी लाकडी पळीने ढवळायचं, आणि ढवळताना कुणी शिंकायचं नाही! एकवीस दिवसांनी गाळायची. रंग फिका वाटला तर साखर जाळून तिचं पाणी घालायचं. आणि तिचं खास गुपित म्हणजे सातव्या दिवशी ब्रँडीची एक पावबाटली बरणीत ओतायची. ''म्हणजे गोडी राहते,'' ती म्हणायची. ''माझी आई असंच करायची.''

नाताळच्या दिवशी ती वाइन इवल्याशा पेल्यांतून सगळ्यांना मिळायची. आम्हा मुलांना चमचाभर. माझ्या डोक्यात हिशेब सरळ होता. आपण वसईचे, वसई पोर्तुगीजांची, वाइनही त्यांचीच. त्यात पुरावा कसला मागायचा?

आता दुसरी गोष्ट, जी मी निबंधात लिहिली नव्हती. माझे वडील भाजी आणि फुलं घेऊन पहाटेच्या लोकलने मुंबईला जायचे. टोपली रिकामी करून परत येताना वाटेत थांबायचे. ते वाइन पीत नव्हते, हातभट्टी पीत होते. इथल्या बऱ्याच जणांना हे माहीत आहे, कारण त्यांना उचलून घरी आणणाऱ्यांत तुमचेही वडील असत. १९८२ साली ते गेले. वय ४६. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. त्या वर्षी नाताळच्या आधी आईने आजीची बरणी उचलली, विहिरीवर नेऊन घासली आणि तिच्यात कैरीचं लोणचं घातलं. आजी काही बोलली नाही. आमच्या घरात पुन्हा कधी वाइन झाली नाही.

तर अशा घरातली मुलगी सूक्ष्मजीवशास्त्र शिकली आणि पुढे नाशिकच्या एका वायनरीत नोकरीला लागली. काम प्रयोगशाळेतलं : यीस्ट सांभाळायचं, साखर मोजायची, आम्लता मोजायची. पण आईला ते कसं सांगणार? सांगितलं, आणि ती आठ दिवस बोलली नाही. त्यानंतर कुणी विचारलं की ती सांगायची, ''मुलगी औषधाच्या कंपनीत आहे.'' एका अर्थी ते खोटंही नव्हतं. आपल्याकडे पोर्ट वाइन अजूनही खोकल्याला आणि बाळंतिणीला दिली जाते! पण मला ते लागलं होतं, हे आज कबूल करते.

नाशिकला पोचले त्या पहिल्याच आठवड्यात गोदावरीच्या काठी नारोशंकराच्या देवळात गेले. तिथली प्रचंड घंटा तुम्ही पाहिली असेल. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली, त्या विजयाची ती खूण. पोर्तुगीजांची घंटा, आपल्या वसईहून गेलेली. तिच्याखाली उभी राहून मी मनात म्हटलं, बाई गं, तूही वसईची, मीही वसईची. दोघी एकाच रस्त्याने आलो.

मग २००७ च्या सप्टेंबरात कंपनीने मला पंधरा दिवसांसाठी पोर्तुगालला पाठवलं, दोऊरो नदीच्या खोऱ्यात. पोर्ट वाइनचं माहेर ते. जिथे जायचं स्वप्नही पाहिलं नव्हतं, तिथे मी सरांचा 'पुरावा?' घेऊन गेले.

ते खोरं आपल्या कुठल्याही बागेसारखं नाही. नदीच्या दोन्ही अंगांना उभे डोंगर आणि डोंगराला माती जवळपास नाहीच. आहे तो शिस्ट नावाचा खडक, आपल्या जुन्या शाळेच्या पाटीसारखा पदर सुटणारा. माणसांनी शेकडो वर्षं हा खडक फोडून, त्याच्याच दगडांचे बांध रचून पायऱ्या केल्या आणि त्यांवर वेली लावल्या. वेलीचं मूळ पाण्याच्या शोधात त्या पदरांच्या फटींतून खोल खाली जातं. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर, हिवाळ्यात कडाक्याची थंडी. वेल थंडीत झोपते आणि वसंतात उठते. आपल्याकडे तिला झोप लागत नाही, म्हणून नाशिकचा शेतकरी वर्षातून दोनदा कात्री चालवतो : एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी. तिथली द्राक्षं सप्टेंबरात निघतात, आपली वाइनची द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये. आणि वसईत का नाहीत, असं मला पुष्कळ जण विचारतात. आपली दमट हवा द्राक्षाला मानवत नाही. केवडा आणि भुरी हे रोग वेलीवर बसतात. आपली हवा केळीची, पानवेलीची, सोनचाफ्याची.

दोऊरोत एकाच जातीची द्राक्षं नसतात. तौरिगा नासिओनाल, तौरिगा फ्रांका, तिंता रोरिश, अशा कितीतरी जाती एकत्र. मणी लहान, साल जाड, रंग गडद. तोडलेले घड ग्रॅनाइटच्या मोठ्या चौकोनी हौदात टाकतात. आणि रात्री जेवण झालं की माणसं पाय धुऊन हौदात उतरतात.

हो, पायांनी तुडवतात. आता यंत्रं आली आहेत, पण काही उत्तम वाइनसाठी अजून तुडवतात. मीही उतरले. मांडीपर्यंत गार, चिकट रस. एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून रांग करायची आणि म्होरक्याच्या हाकेवर पावलं टाकायची, लेझीमसारखी. पहिले दोन तास कुणी गप्पा मारायच्या नाहीत, रांग मोडायची नाही. नंतर म्होरक्या 'स्वातंत्र्य!' अशा अर्थाची आरोळी देतो, अकॉर्डियन सुरू होतं आणि मग नाच. मी विचारलं, पायच का? तिथला म्हातारा तळघरप्रमुख म्हणाला, ''पाय मऊ असतो. साल सोलतो, पण बी फोडत नाही. बी फुटली की कडवट.'' मला आजी आठवली. ती हाताने का चुरायची, हे मला तेव्हा कळलं. माझे पाय पुढे आठवडाभर जांभळे होते!

पोर्टचं खरं मर्म पुढच्या टप्प्यात आहे. रस आंबू लागतो, म्हणजे यीस्ट साखर खातं आणि अल्कोहोल करतं. साधी वाइन करायची तर ते साखर संपेपर्यंत चालू देतात, त्याला आठवडाभर किंवा अधिक वेळ लागतो. पोर्टमध्ये दोन-तीन दिवसांतच, निम्मी साखर शिल्लक असताना, ते थांबवतात. म्हातारा दर थोड्या वेळाने काचेचा घनतामापक रसात सोडायचा आणि कंदिलाजवळ धरून वाचायचा. एका मध्यरात्री त्याने मान हलवली. लगेच खालचा नळ उघडला आणि रस दुसऱ्या टाकीत वाहू लागला. तिथे त्याच्यात द्राक्षांपासूनच काढलेला ७७ टक्के अल्कोहोलचा बिनरंगी अर्क मिसळला. प्रमाण साधारण असं : ४३५ लिटर रसाला ११५ लिटर अर्क. मिळून ५५० लिटर आणि अल्कोहोल सुमारे २० टक्के. एवढ्या अल्कोहोलमध्ये यीस्ट मरतं. उरलेली साखर तशीच राहते. म्हणून पोर्ट गोड आणि म्हणूनच कडक.

हिवाळाभर वाइन डोंगरातच विसावते आणि वसंतात नदीच्या मुखाशी, पोर्तो शहरासमोरच्या विला नोव्हा द गाया या गावी येते. पूर्वी ती 'राबेलो' नावाच्या सपाट तळाच्या होड्यांतून यायची. नदी तेव्हा धबधब्यांची आणि भोवऱ्यांची होती. पुढे धरणं झाली, पाणी शांत झालं आणि होड्यांचं काम टँकरने घेतलं. गायाची हवा समुद्राकाठची, दमट, थंडावा असलेली. म्हणजे पिकवायचं कोरड्या डोंगरात आणि मुरवायचं ओलसर किनाऱ्यावर. लाकडात थोडी वर्षं ठेवून लाल असतानाच बाटलीत भरली की 'रुबी'. लाकडात दहा, वीस, चाळीस वर्षं मुरून तांबूस-पिवळी झाली की 'टॉनी'. आणि एखाद्या असामान्य वर्षाची, दोन-तीन वर्षांतच बाटलीबंद करून पुढे बाटलीत कित्येक वर्षं मुरवली तर 'व्हिंटेज'. असं वर्ष दर वर्षी येत नाही, दहा वर्षांत साधारण तीनदा जाहीर होतं.

सर, आता इतिहास. म्हणजे तुमचा तास.

पोर्तो म्हणजे बंदर. त्या शहरावरून वाइनला नाव पडलं आणि त्याच जुन्या बंदरावरून, पोर्तुस काले या रोमन नावावरून, देशालाही. पण ही वाइन जगभर नेली ती इंग्रजांनी. इंग्लंड आणि फ्रान्स यांची भांडणं सतत चालू, त्यामुळे फ्रेंच वाइन इंग्लंडात महाग किंवा बंद. १७०३ मध्ये इंग्लंड आणि पोर्तुगाल यांच्यात मेथुएन करार झाला. पोर्तुगीज वाइनवर फ्रेंच वाइनपेक्षा एक तृतीयांश कमी जकात, आणि बदल्यात इंग्रजी लोकरीच्या कापडाला पोर्तुगालचा बाजार मोकळा. पोर्तोत इंग्रज व्यापाऱ्यांच्या पेढ्या वाढल्या. समुद्रप्रवासात वाइन बिघडू नये म्हणून ते तिच्यात थोडी ब्रँडी घालत.

मागणी वाढली तशी भेसळ वाढली. एल्डर नावाच्या झाडाच्या काळ्या फळांचा रस घालून फिकी वाइन गडद करायची! भाव कोसळले. तेव्हा १७५६ मध्ये पोर्तुगालचा मंत्री, पुढे मार्केझ द पोंबाल म्हणून ओळखला गेलेला, याने सरकारी कंपनी काढली, खोऱ्याची हद्द आखली, ग्रॅनाइटचे खांब रोवले आणि एल्डरची झाडं उपटायला लावली. ज्या जमिनी जिच्या नावाने वाइन विकू शकतात त्यांची अशी रीतसर आखणी करणारा हा जगातला अगदी पहिल्या काही प्रदेशांपैकी एक. हे सगळं गोडीगुलाबीने झालं नाही. १७५७ मध्ये पोर्तोच्या लोकांनी कंपनीविरुद्ध दंगा केला आणि पोंबालने लोकांना फासावर चढवलं.

आंबणं मध्येच थांबवून गोडी राखायची रीत अठराव्या शतकात हळूहळू आली आणि एकोणिसाव्या शतकात पक्की झाली. १८२० चं पीक आपोआपच इतकं गोड आणि दाट निघालं, की पुढे गिऱ्हाईक तेच मागू लागलं. १८४४ मध्ये जोसेफ जेम्स फॉरेस्टर या व्यापाऱ्याने, ज्याने दोऊरोचे नकाशे काढले, पुस्तिका लिहून भांडण काढलं : ब्रँडी घालू नका, द्राक्षाला द्राक्ष राहू द्या. तो हरला. १८६१ मध्ये त्याच नदीच्या धारेत त्याची होडी उलटली आणि तो बुडाला. होडीत दोना आंतोनिया फेरेइरा ही खोऱ्यातली मोठी मळेवालीही होती. ती वाचली. लोक सांगतात, तिच्या घेरदार झग्याने तिला तरंगत ठेवलं आणि त्याला कमरेच्या पट्ट्यातल्या नाण्यांनी खाली ओढलं. खरं-खोटं नदीला ठाऊक.

आता सर, वसईच्या तारखा शेजारी मांडते. २३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती घेतली. म्हणजे पोर्तुगीज निशाण इथून उतरल्यावर १७ वर्षांनी पोंबालने दोऊरोची हद्द आखली. आणि आज आपण जिला पोर्ट म्हणतो ती गोड, कडक वाइन पक्की झाली तेव्हा किल्ल्यात झाडं वाढली होती. बासाईंच्या किल्ल्यातल्या फिदाल्गोंनी वाइन जरूर प्यायली, पाद्रींनी मिस्सासाठी जरूर वापरली. ती लिस्बनहून जहाजांतून यायची. मदेइरा बेटाची वाइन तर उष्ण समुद्रातून हिंदुस्थानची फेरी करून आली की अधिक चांगली होते, असा व्यापाऱ्यांचा अनुभव होता. पण पोर्ट? ती त्यांनी आपल्याला शिकवणं शक्य नव्हतं, कारण तेव्हा ती त्यांनाच येत नव्हती.

सर, तुमची लाल रेघ बरोबर होती. सहा गुणसुद्धा जास्तच दिलेत.

बरं, इतिहासाने आजीला नापास केलं, निदान रसायनशास्त्राने तरी पास करावं? एका रात्री प्रयोगशाळेत बसून मी आजीचा हिशेब केला. पाच लिटरची बरणी. तिच्यात १८० मिलिलिटर ब्रँडी. अल्कोहोल वाढलं किती? जेमतेम दीड टक्का. यीस्टला त्याने शिंकसुद्धा येत नाही. त्या बरणीतलं आंबणं सातव्या दिवशी खरोखर थांबवायचं तर पावबाटली नाही, ब्रँडीच्या मोठ्या चार बाटल्या ओतायला हव्या होत्या! आजीची वाइन गोड राहायची ती ब्रँडीमुळे नाही, पसापसा ओतलेल्या साखरेमुळे. आणि आंबणं थांबलेलं नसायचंच. म्हणून तर एका नाताळच्या आदल्या रात्री कपाटातल्या बाटलीचं बूच बंदुकीसारखं उडालं होतं आणि नव्या पडद्यांवर नक्षी झाली होती. आजी तेव्हा म्हणाली होती, ''सैतान निघून गेला.'' कार्बन डायऑक्साइड निघून गेला होता.

मग उरलं काय? मी दोऊरोतून परतायच्या आदल्या दिवशी गायाच्या तळघरात त्या म्हाताऱ्याबरोबर फिरत होते. रांगेने लांबट लाकडी पिंपं. त्याने एका पिंपावर थाप मारली आणि म्हणाला, ''पीपा.'' मी म्हटलं, काय? ''पीपा. आम्ही वाइन लिटरमध्ये नाही, पीपांमध्ये मोजतो.'' ५५० लिटरचं एक पीपा. मग त्याने वरचं भोक बंद करायचा लाकडी गट्टू हातात घेतला आणि काही बोलला, त्यात 'बूशा' असा शब्द ऐकू आला.

मी तिथल्या तिथे खाली बसले. पीपा म्हणजे आपलं पिंप. बूशा म्हणजे आपलं बूच. हे दोन्ही शब्द पोर्तुगीजांकडून आपल्या मराठीत आले. पाव, चावी, साबण, बादली, पगार, हापूस यांची यादी सर तुम्हीच फळ्यावर लिहून दिली होती. पण पिंप आणि बूच त्या यादीत माझ्या कधी डोक्यात बसले नव्हते. माझ्या आईच्या परड्यात विहिरीजवळ पिंप होतं. त्यात पावसाचं पाणी, नंतर नळाचं, नंतर टँकरचं. वसईतल्या कोणत्या घरात पिंप नाही? वाइन राहिली नाही, तिची कृती राहिली नाही. पण ती ज्यात आली ते पिंप राहिलं आणि त्याला लावलेलं बूच राहिलं. सर, हा माझा पुरावा. त्यातून पोर्ट सिद्ध होत नाही. पिंपं येत होती, एवढंच सिद्ध होतं. पण तेवढं पक्कं आहे.

(इथे सरांनी खुर्चीतून हात वर करून बोटांनी 'आठ' अशी खूण केली. मी दहा मागितले होते.)

थोडं आजचंही सांगायला हवं. गोव्यात आणि आपल्या दुकानांत 'पोर्ट' म्हणून जी स्वस्त गोड वाइन मिळते, ती बहुतेक कर्नाटकातल्या बेंगळुरू ब्लू द्राक्षांची असते. ती जात मूळ अमेरिकी रक्ताची. वास ओळखीचा, सरबतासारखा. तिचा आणि दोऊरोचा नात्याने संबंध नाही. 'पोर्तो' हे नाव आता भारतातही भौगोलिक मानांकन म्हणून नोंदलेलं आहे, जसं आपल्या नाशिक व्हॅली वाइनचं आहे. नाव हे गावाचं असतं आणि त्या गावाने ते कष्टाने मिळवलेलं असतं. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा नावाच्या किडीने दोऊरोच्या वेलींची मुळं खाल्ली, पायऱ्याच्या पायऱ्या ओसाड पडल्या. अमेरिकी मुळांवर कलम करून त्यांनी बागा परत उभ्या केल्या. आपला नाशिक-सांगलीचा शेतकरीही क्षारपड जमीन आणि दुष्काळ यांना तोंड द्यायला डॉगरिजच्या खुंटावर कलम करतो. मूळ परकं, फळ आपलं. वसईकरांना हे समजावून सांगायची गरज नाही.

आणि शेवटी ज्यासाठी संयोजक फोनवर थबकले, ते. शाळेत हा विषय का? कारण आपल्या वर्गाच्या जुन्या फोटोत जे चेहरे आहेत, त्यांतले काही आज इथे नाहीत, आणि ते का नाहीत हे आपण एकमेकांना कुजबुजत सांगतो. मी आयुष्यभर वाइन मोजली. तिच्याबद्दल मला आदर आहे, तिच्या कष्टांबद्दल जास्त. पण २० टक्के म्हणजे २० टक्के. उंची बाटली, जुनं साल, छान इतिहास, यांनी यकृताला फरक पडत नाही. माझ्या वडिलांच्या हातभट्टीत जे रसायन होतं, तेच गायाच्या तळघरातल्या चाळीस वर्षं मुरलेल्या टॉनीत आहे. ज्याला चमचाभर प्यायल्यावर थांबता येतं त्याने सणाला चमचाभर घ्यावी. ज्याला थांबता येत नाही त्याला आपण मित्रांनी आग्रह करू नये, आज संध्याकाळच्या जेवणातसुद्धा नाही. मघाशी मला दिसलं, आपल्यातला एकजण सरबताचा पेला घेऊन कोपऱ्यात उभा होता आणि त्याला तिघांनी चिडवलं. मला ते आवडलं नाही.

पोर्तुगालहून येताना मी आईसाठी काय आणणार? वाइन तर आणता येत नव्हती. त्या म्हाताऱ्याने मला एका जुन्या पिंपाचं लाकडी बूच दिलं, वाइनने जांभळं झालेलं. आईला दिलं. तिने हातात घेऊन फिरवलं, वास घेतला. म्हणाली, ''हे कसलं?'' मी सगळं सांगितलं : पीपा, बूशा, आजीची बरणी, पावबाटली. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ''म्हणजे आजीची ब्रँडी फुकट गेली म्हणायची!'' आणि हसली. त्यानंतर दोन दिवसांनी शेजारच्या काकी आल्या होत्या. मी आतल्या खोलीत होते. काकींनी विचारलं, ''मुलगी कुठे असते हल्ली?'' आई म्हणाली, ''नाशिकला. द्राक्षाच्या वाइनच्या कारखान्यात तपासणीला असते. परवाच पोर्तुगालला जाऊन आली.''

ते बूच तिने लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवलं होतं. ती गेल्यावर ते मी माझ्याकडे आणलं. आज ते शाळेच्या छोट्या संग्रहासाठी देते आहे, आणि ही वहीही. फक्त एक विनंती आहे. आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरी अशी एखादी बरणी आहे : सुकेळी कशी वाळवायची, पानवेल कशी चढवायची, आजी कुठलं गाणं म्हणत होती. ते लिहून ठेवा. कुणी सांगितलं, कधी सांगितलं, कुठल्या आळीत, हे खाली लिहा. पन्नास वर्षांनी कुणीतरी पोर निबंध लिहील आणि कुणीतरी सर समासात लाल शाईने विचारतील. तेव्हा त्या पोराकडे उत्तर असायला हवं.

वीस मिनिटं झाली. संयोजक घड्याळ दाखवतायत.